तुतीला फळ हवं तर आधी पानं काढा

तुतीचं झाड गर्द हिरवं, फांद्या पुरुषभर उंच, पण फळं इकडे चार, तिकडे चार. असं झालं की लोक खत वाढवतात आणि नत्र जास्त झालं की पानंच आणखी फोफावतात. तुतीचं फळ धरतं नव्या फुटीवर. जुन्या फांदीवरचा डोळा फुटला की पानांबरोबरच फुलोरा बाहेर पडतो. जितके डोळे एकदम फुटतील तितकी फळं. काश्मीरसारख्या थंड मुलखात हिवाळ्यात पानं आपसूक गळतात आणि मग डोळे एकदम फुटतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून हे काम हाताने करायचं.

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर ही त्यासाठी चांगली वेळ. आठवडाभर पाणी कमी करा. मग वाळक्या, आत वळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. उरलेल्या फांद्यांचा शेंड्याकडचा साधारण एक तृतीयांश भाग धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) छाटा. काप डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर आणि तिरका असावा. त्यानंतर झाडावरचं प्रत्येक पान काढा. ओरबाडू मात्र नका. डोळा देठाच्या बगलेतच असतो, तो दुखावला की फूटच येत नाही. देठाचा तुकडा ठेवून पान कात्रीने कापलं की तो तुकडा पुढे आपोआप गळतो. पांढरा चीक अंगाला लागून खाज येऊ शकते, हातमोजे घाला.

आता बुंध्यापासून थोडं लांब आळं करून दोन घमेली कुजलेलं शेणखत द्या (कुंडीत दोन-तीन ओंजळी पुरे) आणि भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते. हिरव्या फुलोऱ्यावर बारीक पांढरे केस दिसले तर तो मादी फुलोरा, त्याचंच फळ होणार. सगळे फुलोरे पिवळे पराग सांडून गळून जात असतील तर झाड नर आहे, कितीही छाटलं तरी उपयोग नाही.

म्हणूनच बियांचं रोप घेऊ नये. भरपूर फळणाऱ्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावी, एक डोळा मातीच्या वर ठेवून. पानं मुळांच्या आधी येतात, त्यामुळे दोन महिने तरी काडी हलवू नका. रेशीम शेतकऱ्याकडची व्ही-१ ही तुतीची जात सहज मिळते, पण ती निवडलेली आहे पानांसाठी. कुंडी १८ इंचांहून लहान नको.

फळं धरल्यावर पाण्याचा खाडा झाला की हिरवी फळंच गळतात, कुंडीत तर एका कडक दुपारीही. काळ्या जातीचं फळ लाल असताना आंबट लागतं. पूर्ण काळं होऊन बोट लावताच हातात येईल तेव्हाच तोडा. बुलबुल आणि कोकीळ त्याआधीच येतात, म्हणून जाळी टाकता येईल इतकंच, पाच-सहा फूट, झाड ठेवावं. त्यासाठी हंगाम संपल्यावर, पावसाच्या तोंडावर, एकदा खोल छाटणी करा.

शेंड्याची पानं चुरगळून गाठ झाली तर आत पिठ्या ढेकूण असतो. गाठीवर फवारा नीट पोचत नाही. तो शेंडा कापून पिशवीत बंद करून टाका आणि बुंध्यावर चढणाऱ्या मुंग्या रोखा, कारण त्या या किडीला राखतात.