खोगीर पुढे सरकतंय: दुखणं तंगाच्या जागेचं निघालं

यवतेश्वरचा घाट साताऱ्यापर्यंत उतरल्यावर खोगीर पहिल्यांदाच जागेवर सापडलं. निघताना घोडीच्या खांद्याच्या पात्यामागे खडूची रेघ मारून खोगिराची कड तिच्या दोन बोटं मागे ठेवली होती. खाली आल्यावर दीड बोट शिल्लक. नवा नमदा (खोगिराखालचं जाड लोकरी कापड) आणि जेलची गादी वापरूनही आजवर ही कड रेघ ओलांडून थेट पात्यावर चढायची. पाचगणीच्या टेबललँडवर खोगीर हललं नाही म्हणून कुणी खूश होऊ नये. सपाटीवर बहुतेक खोगिरं शहाण्यासारखी वागतात. चाचणी उतारावर घ्यायची, तीही दुडकीत.

घोडीची ठेवण अशी: उंची 13.2 हात (म्हणजे 13 हात 2 इंच, हा हात चार इंचांचा), अंगाने गोल, विदर्स (मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा) जवळजवळ नाहीच, पुठ्ठा म्हणजे मागचा भाग पुढच्यापेक्षा बोटभर उंच. म्हणजे उतार नसतानाही पाठ पुढे उतरती. पण खरी मेख खाली आहे. तंग (पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा) कुठेही बांधा, चार पावलं चालली की तो छातीच्या सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतो. पुढच्या पायामागे हात घालून खालून चाचपलं की ही खोबण बोटांना लागते. या घोडीची अगदी कोपराला खेटून आहे आणि मागे लगेच पोट सुरू होतं. खोगिराची योग्य जागा मात्र त्या खोबणीच्या चार बोटं मागे. मग पट्टे तिरके ताणले जातात, आणि तंग सरळ होण्याच्या नादात खोगिराला पुढे ओढून आणतो. म्हणून कचकचून आवळणं हा उपाय नव्हेच. ताण वाढला की ओढही वाढते, वर कोपरामागची कातडी सोलवटते ती वेगळीच.

उपाय निघाला तो पॉइंट बिलेटमधून. बिलेट म्हणजे तंगाचं बकल अडकवायचा खोगिराचा पट्टा. खोगिराला दर बाजूला नेहमीचे तीन बिलेट असतात. पहिला स्वतंत्र वेबवर (सांगाड्यावरून जाणाऱ्या विणलेल्या पट्टीवर), दुसरा-तिसरा मिळून एका वेबवर. (म्हणून दोन-तीन ही जोडी कधीच लावू नये. वेब तुटला तर त्या बाजूचे दोन्ही पट्टे एकदम जातात.) आता खोगिराच्या आतल्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे पॉइंटला, दोन्ही बाजूंनी एकेक जादा पट्टा बसवलाय, आणि तंग पॉइंट आणि दुसऱ्या बिलेटवर बांधलाय. पॉइंटचा पट्टा खोबणीत सरळ उभा उतरतो, त्यामुळे खोगीर मागेच राहून तंगाला त्याची जागा मिळते.

पट्टा 25 मिमी रुंद, 4 मिमी जाड. शिलाई मेणाच्या दोऱ्याने, दोन सुयांची, इंचाला सात-आठ टाके. दोन्ही पट्टे एकाच कातड्याच्या एकाच भागातून कापून घ्या. पोटाकडचं कातडं जास्त ताणतं. एक पट्टा पाठीचा आणि एक पोटाचा निघाला तर महिन्याभरात खोगीर एका अंगाला कलतं. भोकं इंचावर पाडून दोन्हीकडे त्यांना क्रमांक घाला. हे काम खोगिराचा सांगाडा उघडता येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावं, बाहेरच्या फ्लॅपवर टाके मारून देणाऱ्याकडून नको. आणि ऑनलाइन तयार खोगीर घेताना कानपुरी कातड्याकडे बघत बसण्याआधी बकलाला चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टेनलेस बहुधा नाही, कोकणकड्याजवळच्या पावसात गंजायला वेळ लागत नाही.

पॉइंटचा पट्टा मागच्यापेक्षा एक भोक सैल ठेवायचा. घट्ट केला तर सांगाड्याची टोकं खांद्यामागे रुततात. खोगीर उतरवल्यावर चहूकडे घाम आणि मध्ये रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर हाच दोष समजा. कसण्याची पद्धत जुनीच: खोगीर विदर्सवर पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवायचं, आपोआप थांबेल तिथे सोडायचं, तंग बांधला की पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढायचे म्हणजे कातडीच्या घड्या सुटतात.

दुमची (शेपटीखालून जाऊन खोगीर मागे धरणारा पट्टा) सध्या आहे. चांगली शिवलेली असली तर ती वाईट नव्हे. आतली गुंडाळी जवसाने भरलेली हवी, जवसाचं तेल सुटून कातडं मऊ राहतं. पुठ्ठ्यावर पट्ट्याखाली पंजा आडवा जावा, आणि शेपटीचा एक केसही आत अडकू देऊ नये. एका केसाने दोन तासांत शेपटीच्या मुळाशी लाल रेघ उठते, मग घोडी दुमची दिसताच मागचा पाय उचलते.

पण लिहिता लिहिता वाटतंय, दुमचीच काढून बघावी. ती राहिली तर फरक पॉइंटचा की दुमचीचा, ते कळणारच नाही. बेत बदलला: पुढची उतरण दुमचीशिवाय, याच पट्ट्यांवर. रेघ टिकली तर मग वक्र तंग शिवायचा, मधला भाग पुढे खोबणीत आणि टोकं मागे वळलेली, म्हणजे कोपराला मोकळीक. त्याचा कागदी साचा आधी उभ्या घोडीवर लावून पाहायला हवा, आणि पाय पुढे ओढूनही. कोपर मागे येतं तिथे किती खाच घ्यायची हे त्याशिवाय ठरत नाही. कासचा हंगाम लागला की घाटात गाड्यांची रीघ असते, तेव्हा पहाटे साडेपाचला निघायचं.