व्हीसीडीतलं नाटक, डीव्हीडीतली मैफल: आवाज वेव्हमध्ये काढताना

व्हीसीडीतला आवाज वेव्हमध्ये (डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फायलीत) काढला की तो ‘सीडी क्वालिटी’ होतो, असा एक समज आहे. होत नाही. व्हीसीडीवर आवाज एमपेग-१ लेयर २ या पद्धतीने, ४४.१ किलोहर्ट्झ आणि सेकंदाला २२४ किलोबिट इतका दाबून बसवलेला असतो. दाबताना जे गाळलं ते गेलं. वेव्हचा फायदा वेगळाच आहे: एकदा उलगडून ठेवलं की पुढची कापाकापी, खरखर काढणं, पातळी जुळवणं यांत आवाज पुन्हा पुन्हा दाबला जात नाही.

डीव्हीडीत काय निघेल हे डिस्क पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. संगीताच्या काही डीव्हीडींवर एलपीसीएम असतो, म्हणजे मुळातच न दाबलेला, ४८ किलोहर्ट्झ आणि १६ किंवा २४ बिटचा. तो वेव्हमध्ये जसाच्या तसा उतरतो. बदलतो फक्त बाइट्सचा क्रम. पण बहुतेक डिस्कवर डॉल्बीचा एसी-३, म्हणजे दाबलेला आवाज, सापडतो, दोन चॅनेलला बऱ्याचदा १९२ किलोबिट, सहा चॅनेलला ४४८ पर्यंत. व्हीएलसी या प्लेयरमध्ये डिस्क लावून कोडेकची (आवाज कोणत्या पद्धतीने साठवलाय त्याची) माहिती उघडली की हे कळतं. एकाच डिस्कवर दोन ट्रॅक असतील तर एलपीसीएमचाच घ्या, एसी-३ कडे वळूनही बघू नका.

घरच्या शूटिंगच्या डिस्क उघड्या असतात. विकत घेतलेल्या डीव्हीडींवर मात्र बहुधा सीएसएस या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाचं कुलूप असतं. व्हीओबी (डीव्हीडीतल्या चित्र-आवाजाच्या) फायली कॉपी होतात, पण त्यातून नुसती खरखर आणि तुकडे बाहेर पडतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५-क हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडणं गुन्हा ठरवतं. खाली जे आहे ते उघड्या डिस्कसाठी.

डीव्हीडीच्या व्हिडिओ-टीएस फोल्डरमध्ये मोठा कार्यक्रम जास्तीत जास्त १ जीबीच्या व्हीओबी फायलींमध्ये चिरलेला असतो. शून्य क्रमांकाची व्हीओबी मेन्यूची, ती सोडायची. नेहमीचा घोटाळा इथे होतो: प्रत्येक फायलीची वेगळी वेव्ह करून त्या मागाहून जोडल्या जातात. एसी-३ ची एक फ्रेम (एकत्र दाबलेला तुकडा) १५३६ नमुन्यांची (सॅम्पलची), म्हणजे ३२ मिलिसेकंदांची. फाईल तुटते तिथे फ्रेमही मध्येच तुटते, आणि सांध्यावर ‘टक’ ऐकू येतं. म्हणून आधी व्हीओबी जोडा, मग उलगडा. त्याहून बरं म्हणजे मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने अख्खं टायटल (पूर्ण कार्यक्रम) एका एमकेव्ही फायलीत काढणं. ते कार्यक्रमाची मांडणी सांगणाऱ्या आयएफओ फायली वाचतं, त्यामुळे चॅप्टर टिकतात आणि गाणी कुठे सुरू होतात ते शोधत बसावं लागत नाही.

उलगडायला एफएफएमपेग, हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम. एसी-३ साठी दोन गोष्टी सांभाळा. या फॉरमॅटमध्ये मोठे आवाज खाली आणि बारीक आवाज वर ओढण्याच्या सूचना दडलेल्या असतात, आणि एफएफएमपेग त्या आपोआप पाळतं. ‘डीआरसी स्केल’ शून्य करा, आणि हा पर्याय इनपुट फायलीच्या आधी लिहा. नाहीतर तबल्याची थाप बसलेली वाटते आणि दोष रेकॉर्डिंगला दिला जातो. दुसरं, सहा चॅनेलमधले पुढचे डावे-उजवे तेवढे उचलू नका: संवाद आणि बहुधा गायकाचा आवाज मधल्या चॅनेलमध्ये असतो. रीतसर स्टीरिओ डाउनमिक्स करा, म्हणजे चॅनेल दोनांत मिसळा.

वेव्ह १६ बिटऐवजी ३२ बिट फ्लोटमध्ये काढा. दाबलेला आवाज उलगडताना काही शिखरं शून्य डेसिबलच्या (डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या) वर जातात. १६ बिटमध्ये ती छाटली जातात, फ्लोटमध्ये पातळी उतरवून वाचवता येतात. मूळ १६ बिट एलपीसीएम असेल तर याची गरज नाही. तो ऑडॅसिटी या आवाज-संपादकातून नुसता पुढे पाठवताना डिदर (बिट कमी करताना मिसळला जाणारा बारीक गोंगाट) बंद ठेवा. १६ बिट स्टीरिओला ४८ किलोहर्ट्झवर तासाला सुमारे ६९० एमबी लागतात. सहा चॅनेल आणि २४ बिट असतील तर साधारण १ तास २२ मिनिटांनी साध्या वेव्हची ४ जीबीची मर्यादा येते. तिथे आरएफ-६४, हा मोठ्या फायलींसाठीचा वेव्हचा प्रकार, वापरा.

व्हीसीडीत खरी कटकट वाचण्याचीच. एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाईल विंडोजमध्ये सरळ कॉपी होते. लिनक्सवर मात्र इनपुट-आउटपुट एरर येते, कारण तिचे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे ठोकळे) २०४८ ऐवजी २३२४ बाइटचे असतात. तिथे व्हीसीडीइमेजर या संचातलं व्हीसीडीएक्सरिप हे साधन लागतं. ही जादा जागा मिळाली ती डेटा सीडीवर असणारा चूक-दुरुस्तीचा एक थर काढून, त्यामुळे थोडासा ओरखडाही बाधतो. डिस्क मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. वेग कमी करा, आणि तरी अडकली तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा.

चित्रपटाची गाणी काढताना पट्टी तपासा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल या टीव्ही पद्धतीत २५ ने धावला की आवाज सुमारे ४ टक्के वेगाने आणि पाऊण पट्टीच्या आसपास वर जातो. काळी १ मधलं गाणं जवळजवळ पांढरी २ ला टेकतं. पिच बदलण्याचं टूल वापरू नका. ऑडॅसिटीत ट्रॅकचा रेट ४४,१०० चा ४२,३३६ करा (४८,००० असेल तर ४६,०८०), म्हणजे लय आणि पट्टी दोन्ही एकदम खाली येतात. व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या नाटकाला किंवा मैफलीला हे लागू नाही.

शेवटी ऑडिओ सीडी करायची असेल तरच ४८ चं ४४.१ किलोहर्ट्झ करा, आणि १६ बिटवर उतरताना डिदर लावा. गाणी कापताना ऑडॅसिटीत वेळेचं माप सीडीच्या सेकंदाला ७५ फ्रेमवर ठेवून स्नॅप (काप फ्रेमच्या सीमेवरच बसवणारा पर्याय) चालू करा. सीडीची एक फ्रेम ५८८ नमुन्यांची असते. तुकडा अधलामधला राहिला की बर्नर उरलेली जागा शांततेने भरतो, आणि सलग मैफलीत दोन ट्रॅकच्या मध्ये बारीक खाच ऐकू येते.