ताईची साठी आणि व्हेगासचं हॉटेल

सोमवार, रात्री

ऑक्टोबरात ताईला साठ पूर्ण होतायत. तिथीची साठीशांत कोल्हापुरात परत गेल्यावर होईल, भाऊजींनी गुरुजींशी बोलूनही ठेवलंय. पण तारखेचा वाढदिवस येतोय तो दोघं इथे आमच्याकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला असताना, आणि तो आहे मंगळवारी. कुठे जायचं, असं विचारल्यावर ताई लगेच म्हणाली, "मला लास व्हेगास दाखव. कॅसिनो आतून बघायचाय." मधली बहीण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती, ती हसायलाच लागली. मला फार बरं वाटलं. ताईची सगळी नोकरी बँकेत, त्यातला मोठा काळ कॅश काउंटरवर. दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या, संध्याकाळी रोकड जुळवायची आणि पै न पै जुळल्याशिवाय घरी यायचं नाही. बाबा आजारी पडले तेव्हा माझ्या इंजिनिअरिंगची फी तिच्याच पगारातून भरली गेली. आता साठाव्या वर्षी तिने स्वतःहून काही मागितलंय, तर ते नीटच व्हायला हवं.

नवरा म्हणतो, तिथल्या महागड्या बेलाजिओ हॉटेलातच उतरू, असा वाढदिवस परत येणार आहे का? मी नको म्हटलं. ताईला मी ओळखते. खोलीचं भाडं तिला कुठून तरी कळणारच, आणि कळलं की तिथे असेपर्यंत ती डॉलरचे रुपये करत बसेल. "नुसतं झोपायला एवढे?" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. अगदी स्वस्तातलंही नको, कारण तिथे खोल्या जुन्या आणि दर वेळी कुठे जायचं म्हटलं की पायपीट. मधल्या भावातलं, स्वच्छ, आणि खाली खराखुरा कॅसिनो असलेलं. एवढं ठरलं.

बुधवार

आज भाडी बघितली. व्हेगासमध्ये एकाच खोलीचा भाव वारागणिक बदलतो. शुक्रवार-शनिवार महाग, रविवार ते गुरुवार बराच उतरलेला. त्यात एखादं मोठं प्रदर्शन असलं की मधल्या वारांनाही भाव चढतात: जानेवारीत इलेक्ट्रॉनिक्सचं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोटारींच्या सुट्या भागांचं. शिवाय २०२३ पासून नोव्हेंबरात फॉर्म्युला वनची शर्यत थेट स्ट्रिपवरून, म्हणजे मोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरून, धावते. आपला मंगळवार ऑक्टोबरातला आहे, हे नशीबच. उन्हाळ्यात तिथे चाळीसच्या वर पारा असतो, तोही तोवर उतरलेला असेल. रविवारी निघायचं आणि गुरुवारी परत यायचं. रविवारी दुपारी व्हेगासहून लॉस एंजेलिसकडे येणारा आय-१५ महामार्ग तुंबलेला असतो. आपण उलट दिशेने जाणार, म्हणजे तोही त्रास नाही.

आता ती रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेलातल्या सोयींच्या नावाखाली भाड्यावर सक्तीने लावलेली रक्कम. समजा भाडं ६५ डॉलर. त्यावर दर रात्री ४५ डॉलर रिसॉर्ट फी, तुम्ही पोहायला जा नाहीतर जाऊ नका. मग या दोन्हींच्या बेरजेवर १३.३८ टक्के कर. पासष्टाचे सव्वाशे होतात. मे २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आलाय की सक्तीची फी धरूनच भाडं दाखवायचं, त्यामुळे पूर्वीसारखं शेवटच्या पानावर दचकायला होत नाही. कर मात्र अजूनही वेगळा दाखवता येतो, आणि गाडी लावायचे पैसे तर वेगळेच. पूर्वी स्ट्रिपवर गाडी फुकट लागायची; २०१६ पासून ते दिवस सरायला लागले. म्हणून मी वहीत प्रत्येक हॉटेलपुढे एकच आकडा लिहितेय: भाडं, फी, कर, पार्किंग, सगळं धरून चार रात्रींचे दोन खोल्यांचे किती. असा आकडा मांडला की स्वस्त आणि मधलं यांतलं अंतर बरंच कमी होतं, कारण फी दोन्हीकडे जवळपास सारखीच असते. रात्रीचे वीस-पंचवीस डॉलर वाचवायला जुन्या खोलीत उतरण्यात अर्थ नाही, हे मला आज पटलं.

भाऊजींना लक्सॉरचं फार आकर्षण वाटतंय. १९९३ सालचा तीस मजली काळा पिरॅमिड, आणि त्याच्या लिफ्ट कडेच्या उताराबरोबर ३९ अंशांत तिरक्या वर जातात. पाटबंधारे खात्यात सगळा जन्म गेलेला माणूस, तिरकी लिफ्ट म्हटल्यावर लगेच विचारलं, "काउंटरवेट कुठे बसवलाय?" पण लक्सॉर पार दक्षिणेच्या टोकाला. तिथून फुकट ट्राम आहे, ती एक्सकॅलिबरपर्यंतच सोडते. मुख्य गर्दीची जागा तिथून पुढे लांब.

फ्लेमिंगो हे दुसरं. १९४६ मध्ये उघडलेलं, स्ट्रिपवरच्या अगदी जुन्यांपैकी. जागा ऐन मध्यात, आणि मागच्या बागेत खरेखुरे रोहित पक्षी. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला ताई आणि भाऊजी थंडीत पहाटे गाडी काढून जातात, म्हणून मला ते एकदम आवडलं. पण ती बाग बघायला तिथे उतरावं लागत नाही, कोणीही आत जाऊ शकतं. ती जागा बघायच्या यादीत टाकली, राहायच्या यादीतून काढली.

गुरुवार

आज ज्या गोष्टीवर सगळं ठरलं ती म्हणजे धूर.

ताईला दमा आहे. पंप कायम पर्समध्ये. घरात उदबत्तीसुद्धा लावत नाहीत. आणि नेवाडात, म्हणजे व्हेगासच्या राज्यात, कॅसिनोच्या फ्लोअरवर, जिथे जुगाराची टेबलं आणि मशिनं असतात तिथे, सिगारेट ओढायला आजही परवानगी आहे. २००६ साली तिथल्या मतदारांनी बंद जागांतल्या धूम्रपानाविरुद्धचा कायदा मंजूर केला. रेस्टॉरंटं, दुकानं त्यात आली, कॅसिनोचं फ्लोअर वगळलं गेलं. आता या हॉटेलांची रचना अशी की चेक-इनपासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून नाश्त्यापर्यंत, नाश्त्यापासून रस्त्यापर्यंत बहुतेक सगळे रस्ते कॅसिनोतूनच जातात. खोली धूम्रपानमुक्त आहे एवढं लिहिलेलं असून भागत नाही. पूर्वी आम्ही दोघं एका ठिकाणी उतरलो होतो, तिथे पहाटे लिफ्टचं दार उघडलं की शिळ्या सिगारेटचा वास थेट घशात बसायचा. मला काही होत नाही, ताईला तिथे दोन मिनिटं उभं राहता आलं नसतं.

व्हदारासारखी कॅसिनो नसलेली, पूर्ण धूरमुक्त हॉटेलं आहेत. पण तिचा हट्टच कॅसिनोचा. "खाली उतरलं की समोर पाहिजे" हे तिचे शब्द.

मग पार्क एमजीएम सापडलं. हे मूळचं १९९६ सालचं मॉन्टे कार्लो, नूतनीकरण करून २०१८ मध्ये नाव बदललं. कोविडच्या टाळेबंदीनंतर सप्टेंबर २०२० अखेर ते परत उघडलं तेव्हा कॅसिनोसकट संपूर्ण धूरमुक्त झालं, आणि स्ट्रिपवर असं करणारं ते पहिलंच. भाव मधला. वहीतला आकडा लक्सॉरपेक्षा जास्त, पण आम्ही ठरवलेल्या रकमेच्या आत. नवऱ्याला दाखवलं, त्याने नकाशा काढून ट्रामचा रस्ता दाखवला: इथून आरिया हॉटेलच्या बाजूने थेट बेलाजिओपर्यंत फुकट ट्राम जाते. म्हणजे कारंजी बघायला ताईला ते पादचारी पूल आणि सरकते जिने चढत-उतरत जायला नको. व्हेगासमध्ये समोर दिसणारं हॉटेल समोर नसतं, प्रत्येक इमारत एवढी अवाढव्य आहे की पुढच्या दाराशी पोहोचेपर्यंत वीस मिनिटं जातात. दुपारी दमली तर खोलीवर येऊन तासभर आडवं होता आलं पाहिजे आणि संध्याकाळी परत निघता आलं पाहिजे. तिची संध्याकाळ शाबूत राहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. बेलाजिओच्या तळ्यावर संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी कारंजी नाचतात; ती एकदा बघून निघणारी बाई नाही, तीन-चार वेळा बघेल.

एक काळजी राहते. शेजारीच आइस हॉकीचं मोठं स्टेडियम आहे, आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो. ज्या संध्याकाळी सामना असेल तेव्हा बाहेर रेटारेटी. सामन्यांचं वेळापत्रक बघून त्या दिवशी जेवण आतच उरकायचं. आत इटलीच्या खाण्याचा मोठा बाजारच आहे, पिझ्झा-पास्ता ताजा मिळतो. ताईला चालेल, भाऊजींना चौथ्या दिवशी भात लागेल, त्याची सोय बघू.

शनिवार सकाळ

ताईचा फोन तासभर चालला. तिने तिकडे बसून रूलेटचा, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी टाकायच्या जुगाराचा, अभ्यास केलाय. "चाकावर घरं अडतीस," ती म्हणाली, "एक ते छत्तीस, शून्य आणि दोन शून्यं. एका घरावर लावलं आणि लागलं तर पस्तीस पट देतात. म्हणजे शेकड्याला सव्वापाच त्यांचे. काही टेबलांवर तीन शून्यं असतात म्हणे, तिथे तर पावणेआठ व्हायला आले. तिथे बसायचं नाही." हे सगळं कागद-पेन्सिलीशिवाय. मी तिला ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचं सांगितलं: काही टेबलांवर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, लागला तर तीनाला दोन देतात, काहींवर सहाला पाच. दहा डॉलर लावले तर एकीकडे पंधरा मिळतात, दुसरीकडे बाराच. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "टेबलावर लिहिलेलं असतं ना ते? मग वाचल्याशिवाय बसायचंच नाही."

शंभर डॉलर ती स्वतःचे आणणार आहे. संपले की उठायचं, हे तिनेच सांगितलं. माझे दिले तर ती घेणार नाही, आणि तिने घेऊ नयेत असंच मलाही वाटतं. ही हौस तिच्या पैशाची आहे. मला तिला टेबलापर्यंत नीट न्यायचंय, एवढंच.

नंतर मधलीने औक्षणाचा प्रश्न काढला. साठीला साठ दिव्यांनी ओवाळायचं ठरलंय, आणि हॉटेलच्या खोलीत ज्योत लावणं शक्यच नाही. बॅटरीच्या दिव्यांनी ओवाळायला ताई तयार नाही आणि मलाही ते आवडत नाही. मग असं ठरलं की निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात, उघड्यावर, ताईपासून वाऱ्याची दिशा बघून कणकेचे दिवे लावायचे. खोलीत मंगळवारी सकाळी नुसतं कुंकू, अक्षता, सुपारी आणि आईची अंगठी. आईची अंगठी माझ्याकडेच आहे, ती विसरून चालणार नाही.

रविवार

आज बुकिंग केलं. आधी हॉटेलला फोन लावला, कारण जे आपल्याला हवं ते वेबसाइटवर सगळं लिहिलेलं नसतं. दोन खोल्या शेजारी-शेजारी, लिफ्टजवळ, आणि ताईच्या खोलीत टबऐवजी सपाट शॉवर. टबची कड ओलांडताना तिचा गुडघा अडतो. विनंती नोंदवली, खात्री चेक-इनला देऊ म्हणाले. म्हणजे दुपारी लवकर पोहोचायला हवं. उशिरा गेलं की अशा खोल्या संपतात.

भाऊजींच्या इन्शुलिनचंही विचारून घेतलं. तिथल्या मिनीबारमध्ये आपलं काही ठेवायची सोय नसते, बऱ्याच ठिकाणी आतली बाटली नुसती उचलली तरी सेन्सरमुळे बिलात लागते. औषधासाठी वेगळा छोटा फ्रिज मागून घ्यायचा असतो. तोही नोंदवला. आणि चहा. ताईला पहाटे पाचला चहा लागतो, खोलीत किटली धरून चालायची नाही. आमची छोटी इलेक्ट्रिक किटली, गवती चहा, आलं, साखर. वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चार-साडेचार तासांचा रस्ता आहे, वाटेतल्या बेकर गावाला थांबून तिथला तो १३४ फुटी थर्मामीटर दाखवायचा आणि पाय मोकळे करायचे.

तिचा पासपोर्ट जवळ ठेवायला सांगितलंय. एकवीसच्या खाली जुगार खेळता येत नाही म्हणून साठीच्या बाईला कुणी अडवणार नाही, पण मशिनवर मोठी रक्कम लागली तर ओळखपत्र मागतात. हे ऐकून ती खूश झाली.

बुधवार भाऊजींचा. हूव्हर धरण तिथून पाऊण तासावर, ७२६ फूट उंच, म्हणजे २२१ मीटर. कोयना १०३. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि मग एकच प्रश्न विचारला: वीजघर आतून दाखवतात का? दाखवतात, त्याची वेगळी टूर आहे. आत चालणं किती आहे आणि ताईला मधेच बाहेर यायचं झालं तर काय सोय आहे, ते उद्या विचारून मग तिकिटं काढते.