अकरावीला इंग्रजी आणि पत्रकारिताच

मंगळवार, रात्र

पुढच्या वर्षाचा विषयनिवडीचा फॉर्म आज देऊन टाकला. एपी इंग्लिश लँग्वेज (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय), आणि सहाव्या तासाला पत्रकारिता. त्याच तासाला एपी कॉम्प्युटर सायन्स होतं, ते सुटलं. या एका तासावरून घरात बरेच दिवस बोलणं चाललं होतं. आता ठरलंच आहे, तर का ठरलं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

इंग्रजी घ्यायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. कॅलिफोर्नियात यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, जायचं तर हायस्कूलची चारही वर्षं इंग्रजी लागतं. प्रश्न होता कोणतं घ्यायचं. साधं अकरावीचं इंग्रजी मला झेपलं असतं, गुणही बरे पडले असते. एपी लँग्वेजमध्ये कथा-कवितांपेक्षा निबंध, भाषणं, अग्रलेख जास्त, म्हणजे कोणीतरी कोणाला तरी काहीतरी पटवून देतंय असं गद्य. परीक्षेत ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि तीन निबंध. एका निबंधात दिलेले उतारे वापरून आपलं मत मांडायचं, एकात दुसऱ्याचं लेखन कसं काम करतं ते उलगडून दाखवायचं आणि एकात आपला स्वतःचा युक्तिवाद. यातला मधला निबंध मला सगळ्यात जास्त हवा होता.

फेब्रुवारीत त्या वर्गात एक दिवस बसायला मिळालं. अमेरिकेच्या यादवी युद्धातलं, लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण चाललं होतं, १९ नोव्हेंबर १८६३ चं. त्या दिवशी आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते, मग लिंकन उठले आणि जेमतेम २७० शब्द बोलून बसले. भाषण मी आधी वाचलं होतं. पण वर्गात सरांनी विचारलं ते वेगळंच: यात काय नाही ते सांगा. मुलं आधी गप्प. मग एकेक हात वर यायला लागला. गेटिसबर्ग हे नाव नाही. ‘गुलामगिरी’ हा शब्द नाही. दक्षिणेचं नाव नाही, शत्रूला एकही शिवी नाही. ज्या लढाईत हजारो माणसं मेली तिच्याच मैदानावर उभं राहून हा माणूस कोणी कोणाला मारलं ते बोलतच नाही. का? सगळा तास त्यावर गेला आणि तरी पुरला नाही. मी बाहेर पडले तेव्हा डोकं भणभणत होतं. एखाद्या लेखात जे गाळलंय तेही लेखकाने निवडलेलं असतं, हे मला माझं मला कधी सुचलं नसतं.

मी इकडे अमेरिकेत सातवीत आले. इंग्रजी वाचताना मी अजूनही वाक्यापाशी थांबते, एखादा शब्द इथेच का आला असेल म्हणून मागे जाते. इतर मुलं भराभर पानं उलटतात. बरीच वर्षं मला वाटायचं की कधीतरी माझाही वेग वाढेल आणि मग सगळं सुरळीत होईल. त्या दिवशी त्या वर्गात बसून वाटलं, इथे सगळेच थांबतायत. इथे थांबायलाच शिकवतात.

पण नुसतं इंग्रजी मला पुरलं नसतं. इंग्रजीच्या तासाला उत्तर शेवटी कागदावरच असतं. लिंकनने काय गाळलं ते त्या कागदावरून कळतं; का गाळलं ते त्याला जाऊन विचारता येत नाही. पत्रकारितेत उत्तर दुसऱ्या कोणाकडे तरी असतं आणि उठून त्या माणसाकडे जावं लागतं. मला बोलायला जायची भीती वाटते. अनोळखी मोठ्या माणसासमोर इंग्रजीत पहिलं वाक्य काढताना घशाला कोरड पडते. आणि तरीही या वर्षीच्या पत्रकारितेच्या प्राथमिक वर्गात मी ज्या तासांची वाट पाहिली ते हेच, बाहेर जाऊन विचारायचे तास.

आमच्या ग्रंथालयाची बातमी मला चांगली आठवते. शाळा सुटल्यावर ग्रंथालय पूर्वीपेक्षा एक तास आधी बंद होऊ लागलं होतं. मला त्यावर छोटी बातमी करायची होती. पहिलं वाक्य मी असं लिहिलं: ‘ग्रंथालयाच्या वेळेत बदल करण्यात आला आहे.’ मॅडमनी ‘करण्यात आला’ खाली पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला एकच शब्द लिहिला, ‘कोणी?’ मला माहीत नव्हतं. ग्रंथपालांकडे गेले. त्या म्हणाल्या, वरून आलं. वरून म्हणजे कुठून? त्यांनी मला खुर्ची दिली, थोडा विचार केला आणि सांगितलं की शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या सभेत ठरलं असणार, इतिवृत्त बघ. मी लिहून घेत होते ते त्या वाकून पाहत होत्या. आपलं आडनाव कसं लिहितात ते त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी अक्षर अक्षर वाचून दाखवलं तेव्हा कुठे त्या मागे टेकल्या.

इतिवृत्त बोर्डाच्या संकेतस्थळावर होतं. कोणीही वाचू शकतं. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन कायदा आहे. त्यामुळे शाळांच्या बोर्डालासुद्धा सभा उघड्यावर घ्यावी लागते आणि नेहमीच्या सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी लावावी लागते. मला हे ठाऊकच नव्हतं! आम्ही ज्या शाळेत रोज सात तास काढतो तिच्याबद्दलचे निर्णय एका खोलीत होतात, त्या खोलीत कोणीही जाऊन बसू शकतं, बोलूही शकतं, आणि हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. ग्रंथालयातल्या अर्धवेळ मदतनिसाचे तास कमी करायचा ठराव तिथे होता, कोण बाजूने, कोण विरोधात, सगळं. बातमीचं पहिलं वाक्य बदललं. आता त्यात बोर्ड होतं, ठराव होता, तारीख होती. बातमी तेवढीच छोटी राहिली, पण ती वाचून एखाद्याला काही विचारायचं असेल तर कोणाला विचारायचं ते त्याला कळलं असतं.

मग इतिवृत्तं वाचायचा नादच लागला. त्यातून मॅडमनी एकदा हेझलवुडच्या खटल्याबद्दल सांगितलं, आणि तो दिवस माझ्यासाठी फार महत्त्वाचा ठरला.

मे १९८३. मिसूरीतलं हेझलवुड ईस्ट हायस्कूल. तिथलं ‘स्पेक्ट्रम’ हे वर्तमानपत्र पत्रकारितेच्या वर्गातली मुलं काढायची. एका अंकात दोन लेख होते, एक शाळेतल्या गरोदर मुलींवर, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो यावर. मुख्याध्यापकांनी ते दोन लेख ज्या पानांवर होते ती दोन्ही पानं काढून टाकली. कॅथी कुलमायर आणि आणखी दोन विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. जानेवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ अशा बहुमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. एक कारण हेच, की वर्तमानपत्र वर्गाचा भाग होतं, अभ्यासक्रमात होतं. त्याआधी १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून शाळेत गेलेल्या टिंकर भावंडांच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की शाळेच्या दारात मुलांचे हक्क संपत नाहीत. म्हणजे दंडावरची फीत माझी, पण वर्गात बसून लिहिलेली बातमी शाळेची!

मला याचा राग आला, अजूनही येतो. मात्र खटल्याचे तपशील वाचताना एका गोष्टीपाशी मी अडकले. मुख्याध्यापकांचा एक आक्षेप असा होता की घटस्फोटाच्या लेखात एक मुलगी वडिलांबद्दल बोलली आहे आणि वडिलांना त्यावर काही सांगायची संधी दिलेली नाही. दुसरा असा, की गरोदर मुलींची नावं बदलली असली तरी शाळेत त्या ओळखू येतील. हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. आमच्या मॅडमनीही हेच विचारले असते. फरक एवढाच की मॅडम म्हणाल्या असत्या, जा, वडिलांना फोन कर. त्या मुलीशी पुन्हा बोल, तिला काय वाटतं ते विचार. पान काढून टाकलं की लिहिणाऱ्या मुलीला ते शिकायलाच मिळत नाही. पत्रकारिता वर्गात, शिकवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून का करायची, याचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं कारण हे आहे. चूक छापण्याआधी तिथे कोणीतरी ‘कोणी?’ असं विचारतं, आणि मग मला बाहेर पाठवतं.

आमच्याकडे कॅलिफोर्नियात सुदैवाने स्वतंत्र कायदा आहे, १९७७ पासून. सरकारी शाळेच्या वर्तमानपत्रात काय घ्यायचं, काय संपादित करायचं, ही जबाबदारी विद्यार्थी संपादकांची, असं त्यात लिहिलं आहे. अश्लील, बदनामीकारक किंवा चिथावणी देणारा मजकूर तेवढा चालत नाही. आणि मार्गदर्शक शिक्षकाचं काम काय, तर मुलांच्या कामावर देखरेख ठेवायची आणि ‘इंग्रजी व पत्रकारितेचा’ व्यावसायिक दर्जा राखायचा. हे दोन्ही विषय कायद्याच्या एका वाक्यात शेजारी शेजारी आहेत. मी ते वाक्य फॉर्मच्या मसुद्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं.

बाबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यांनी रविवारी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. प्यू रिसर्च सेंटरचे आकडे होते: अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये सुमारे ७१ हजार माणसं होती, २०२० मध्ये सुमारे ३१ हजार. ‘बारा वर्षांत निम्म्याहून जास्त गेली. तू तिथे जाऊन काय करणार, सांग मला,’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण माणसं कमी झाली तरी बोर्डाच्या सभा कमी झाल्या नाहीत ना?’

मग त्यांना पिट्सबर्गची गोष्ट सांगितली. कॅन्ससमधलं पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनियातलं नव्हे. २०१७ मध्ये तिथल्या हायस्कूलमध्ये नव्या मुख्याध्यापकांची नेमणूक झाली. शाळेच्या वर्तमानपत्राची मुलं त्यांच्यावर साधा परिचयाचा लेख करत होती. परिचय लिहायचा म्हणून शिक्षण तपासायला गेली, तर ज्या विद्यापीठाच्या पदव्या सांगितल्या होत्या त्याला मान्यता असल्याचं कुठेच सापडेना. मुलांनी विचारलं, पुन्हा विचारलं, मग छापलं. काही दिवसांत त्या बाईंनी पद सोडलं. नेमणूक करणाऱ्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते परिचय लिहिणाऱ्या मुलांना दिसलं, कारण त्यांना एक ओळ खात्रीने लिहायची होती. कॅन्ससमध्येही आमच्यासारखा कायदा आहे, १९९२ चा. तो होता म्हणून ती बातमी कोणाला अडवता आली नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं तेव्हा त्यांचं वय काय होतं गं?’ आई म्हणाली, ‘विशी-बाविशीचे असतील.’ ६ जानेवारी १८३२ चा पहिला अंक. पानावर दोन स्तंभ, एकात मराठी, एकात इंग्रजी. दोन भाषांत पाय ठेवून बातमी लिहायची ही काही माझीच अडचण नाही, याचा मला त्या क्षणी केवढा आधार वाटला! बाबांनी ते मुद्दाम काढलं की सहज, कोण जाणे. सोमवारी सकाळी त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, कॉम्प्युटर सायन्सचं बारावीत बघू. मी त्याला हो म्हटलं आहे आणि ते मनापासून म्हटलं आहे.

काउन्सेलरांनी आज फॉर्म घेताना विचारलं, दोन्हीकडे लिहायचंच काम आहे, जड नाही का होणार? होईल. एपीचा निबंध चाळीस मिनिटांत लिहायचा असतो, आणि बातमीत सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून मोकळं व्हायचं असतं. निबंधात मी हळूहळू मुद्द्याकडे जाते, बातमीत तसं गेलं की मॅडम पहिले दोन परिच्छेद सरळ खोडतात. एका हाताला एक सवय आणि दुसऱ्याला दुसरी लावावी लागेल. काही दिवस दोन्ही बिघडतील असं वाटतं.

मॅडमनी पुढच्या वर्षीच्या मुलांना सुट्टीआधी एक काम दिलं आहे: बोर्डाची एक सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि त्यातल्या एका विषयाची बातमी करायची. गुरुवारी संध्याकाळी सभा आहे, आई माझ्याबरोबर येते म्हणाली. विषयपत्रिका कालच लागली. त्यात शाळेच्या बसचे मार्ग आहेत, एक मार्ग बंद करायचा प्रस्ताव आहे, पण कोणता ते दिलेलं नाही. वाहतूक विभागाचा नंबर, बोर्डाच्या सचिवांचा ईमेल आणि आमच्या बसच्या चालक काकूंना विचारायचे प्रश्न वहीत लिहून घेतले आहेत. काकू सकाळी सहा पन्नासला येतात, त्यांना आधी विचारते.