विमान लाकडावर कोरायचं की धातूवर?

लाकडावर आणि धातूवर लेझरनं विमानांची चित्रं कोरून पाट्या करून देणं हे माझं काम. त्या लाकडावर कराव्यात की धातूवर, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑर्डर द्यायला येणारी बहुतेक माणसं भाव विचारायच्या आधी हेच विचारतात, "दादा, विमान लाकडावर उठून दिसेल की स्टीलवर?" मी उलट विचारतो, "कुठलं विमान?" माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. विमान ज्या मालाचं बनलं होतं, त्याच्या जवळचाच माल कोरायला घ्यावा, असं माझं पक्कं मत आहे.

टायगर मॉथ घ्या. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं हे दुपंखी विमान. आपल्याकडच्या कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे यावरच गिरवले. धडात पोलादी नळ्या होत्या, पण पंखांचा सांगाडा स्प्रूस लाकडाचा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. म्हणून मी ते वरून पाहिल्यासारखं काढतो आणि कापडाखालच्या फासळ्या रेघांनी दाखवतो. लाकडावर लेझरची रेघ जळून तपकिरी होते, तिच्या कडा किंचित मऊ राहतात. कापडाच्या पंखाला तो मऊपणा शोभतो. मॉस्किटो तर जवळजवळ सगळंच लाकडी, बर्चच्या प्लायच्या थरांमध्ये हलकं बाल्सा. दुसऱ्या महायुद्धातलं इतकं वेगवान विमान सुतारांच्या हातून घडलं, हे सांगितलं की समोरचा माणूस फळीकडं नव्यानं बघायला लागतो. मॉस्किटो मी बर्चच्या प्लायवरच देतो. कुणी स्टीलचा हट्ट धरला तर आधी समजावून बघतो.

लाकूड म्हटलं की कोल्हापुरात सागवानच मागतात. सागवान उत्तम, पण त्यात तेल असतं, त्यामुळं धूर रेघेच्या बाजूला चिकटून डाग पडतात. आधी वरून मास्किंग टेप लावून मग कोरावं लागतं. शिवाय त्याच्या वर्षवलयांतला मऊ भाग जास्त जळतो, कठीण भाग कमी, आणि एकच रेघ कुठं खोल, कुठं उथळ येते. बारीक कामाला मला फिकट शिवण जास्त आवडते. शिसवीवर तपकिरी रेघ मुळातच दिसत नाही. विमान बाजूनं काढायचं असेल तर त्याचं धड लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ठेवायचं, म्हणजे लाकूडच विमानाला वेग देतं.

आता धातू. "एकाच मशीनवर दोन्ही होत नाही का?" हा जोडप्रश्न ठरलेला. लाकडाला लागतं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तो प्रकाश लाकूड पिऊन घेतं, पण उघडा धातू बहुतेक सगळा परत फेकतो. धातूसाठी फायबर लेझर, १.०६ मायक्रॉनच्या आसपास. धातूवर ते छान चालतं, लाकडावर मात्र त्याची धड रेघ उठत नाही. म्हणून दोन मशीनं. (आणि कृपा करून पीव्हीसीची पाटी कोरायला आणू नका. त्यातून क्लोरीनचा जहाल वायू निघतो, तो माणसालाही वाईट आणि मशीनलाही.)

डाकोटा धातूवरच पाहिजे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानांतून. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं ते अंग मी काळ्या ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं वर थर चढवलेल्या ॲल्युमिनियमवर काढतो. लेझर तिथं पत्रा खोदत नाही, वरच्या थरातला काळा रंग उडवतं आणि फिकट रुपेरी रेघ राहते. गिऱ्हाईक म्हणतं, "एकेक रिव्हेट दिसू दे." रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारा खिळा. मी हिशेब मांडतो. डाकोटाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २९ मीटर. पाटीवर ते १५ सेंटिमीटरचे होतात, म्हणजे जवळपास १९३ पट लहान. ५ मिलिमीटरच्या रिव्हेटचा ठिपका ०.०२६ मिलिमीटर उरतो, माझ्या लेझरच्या ठिपक्यापेक्षाही बारीक. तरी काढायच्या म्हटलं तर त्या खऱ्यापेक्षा मोठ्या काढाव्या लागतात आणि विमानाला देवी आल्यासारखं दिसतं. म्हणून रिव्हेट गाळायच्या. पत्र्यांचे मोजके सांधे, खिडक्या, इंजिनं आणि नेमकी बाह्यरेषा, एवढ्यावर डाकोटा ओळखू येतं. या कामातला माझा जास्त वेळ काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवण्यात जातो. मशीन त्या मानानं पटकन मोकळं होतं.

मिग-२१ साठी स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचं. इथं फोकस जरासा हलवून पृष्ठभाग फक्त तापवायचा, म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि रेघ काळीभोर येते. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही. उष्णता जास्त झाली तर त्या जागी स्टीलची गंज रोखायची ताकद कमी होते, म्हणून घाई चालत नाही. १९६३ साली आलेलं मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हापासून निवृत्त जवानांची मुलं येतात. कागलकडचा एकजण म्हणाला, "पप्पा इंजिनवर होते ओ, विमान कधी चालवलं नाही त्यांनी." मी त्याला म्हटलं, मग पाटीवर विमानाचा मागचा भाग मोठा घेऊया, इंजिनाच्या नळकांड्यासकट. त्याला ते पटलं. त्याहून जास्त पटलं त्याच्या वडिलांना. त्यांनी फोनवर कुठली झडप कुठल्या बाजूला उघडते ते मला समजावून सांगितलं आणि त्याप्रमाणं मी चित्र बदललं.

चांदीवर नाव किंवा वेलबुट्टी हवी असेल तर मात्र मी सरळ गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात पाठवतो. तिथल्या कारागिराच्या टाकीनं कापलेली कड चकाकते. लेझरच्या रेघेचा तळ खरबरीत आणि मंद राहतो. ते काम त्यांचंच.

राहिलं एटीआर-७२ हे प्रवासी विमान. उजळाईवाडीचा आमचा कोल्हापूरचा विमानतळ इथल्या संस्थानच्या राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. आज तिथं उतरणारं हे विमान पोरांना तोंडपाठ आहे. वर बसवलेले पंख, टी-आकाराची शेपटी, सहा पात्यांचे पंखे. त्याचं धड ॲल्युमिनियमचं, पण पंखांचा बाहेरचा भाग कार्बन फायबरचा, म्हणून माझा नियम इथं अर्धाच लागू होतो. पोरांच्या खोलीत टांगायचं असेल तर मी प्लायवर करून देतो. पाती थांबलेली, सहाही मोजता येतील अशी.

येताना विमानाचा बाजूनं काढलेला फोटो आणा आणि शेपटीवरचा नंबर माहीत असेल तर तोही. पाटी घरात लागणार की दारावर, हे आधी सांगा. आपल्या पावसात पितळ काळवंडतं आणि प्लाय फुगतं, त्यामुळं बाहेरची पाटी असेल तर मी स्टीलच सुचवेन, मग विमान टायगर मॉथ का असेना.