सूर्याचे आठ पेपर

त्या दिवशी सकाळी टेबलावर आलेल्या फॉर्ममध्ये माझ्यासाठी एकच रकाना होता : ‘एच-इंडेक्स’, म्हणजे संशोधकाचे पेपर इतरांनी किती उद्धृत केले त्यावरून काढलेला आकडा. एका मॅडमच्या प्रमोशनची फाइल, दुपारी चारला समितीची बैठक. मॅडम व्यायामाच्या मानसशास्त्रातल्या. माणसं व्यायाम का सुरू करतात, आणि मुख्य म्हणजे का सोडतात, हा त्यांचा विषय. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून असले आकडे काढून देतो. दहा मिनिटांचं काम, असं वाटलं होतं.

गूगल स्कॉलरवर ३४, स्कोपसवर २२, वेब ऑफ सायन्सवर १९. पेपर आणि त्यांचे उल्लेख नोंदवणाऱ्या या तीन ठिकाणी तीन आकडे येतातच. स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकातली प्रकरणं असं सगळंच मोजतो. बाकीचे दोघे निवडक साहित्यापुरतं पाहतात. तरी हा फरक जरा जास्तच वाटला, म्हणून यादी वरून खाली वाचत गेलो. नवव्या नंबरावर सौरडागांवरचा पेपर! पुढे आणखी सात तसलेच. लेखक दुसराच, पण आडनाव तेच, आद्याक्षर तेच आणि दोघांच्याही शीर्षकांत ‘अ‍ॅक्टिव्हिटी’. एकीकडे शरीराची, दुसरीकडे सूर्याची. यंत्रानं परस्पर दोघांचं लग्न लावून टाकलं होतं. ते आठ पेपर काढले आणि ३४ चा २९ झाला.

हा इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. किमान २९ सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत उल्लेख) मिळालेले २९ पेपर असले की तुमचा एच-इंडेक्स २९. त्यातल्या एखाद्याला हजार मिळालेली असली तरी तो पेपर एकच धरायचा.

मॅडमना फोन केला. वाटलं, हिरमुसतील.

“काढा की. मला सूर्यातलं काय कळतंय?” म्हणाल्या, आणि अर्ध्या तासात स्वतःच हजर झाल्या. “एवढं खणलंच आहे तर पहिल्या नंबरचा पेपर लोक कशासाठी वापरतात तेही बघा जरा.”

पहिल्या नंबरचा पेपर म्हणजे त्यांची सात प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या आठवड्यात किती व्यायाम केला, ते माणसानं स्वतः सांगायचं. सायटेशन हजाराच्या वर. या क्षेत्रात हे नेहमीचंच. मोजपट्टी तयार करणारा पेपर बाकीच्यांच्या पुढे निघून जातो, कारण जो जो ती पट्टी वापरेल त्याला तो उद्धृत करावाच लागतो. आयपॅक ही प्रश्नावली घ्या. १२ देशांत तपासून २००३ साली तिचा पेपर आला आणि पुढे हजारो अभ्यासांत तिचं नाव आलं. त्याच पेपरात लिहिलंय की पुन्हा विचारल्यावर उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, सहसंबंध ०.८ च्या आसपास (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). पण कमरेला लावलेल्या, हालचाल मोजणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरच्या नोंदीशी ताडून पाहिलं की तो ०.३० वर येतो. म्हणजे माणूस आपल्या उत्तराशी प्रामाणिक असतो, आपल्या पायांशी तेवढा नाही.

मॅडमच्या पेपरातही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट इशारा होता : ही प्रश्नावली दोन गटांची तुलना करायला आहे, अमुक माणसाची मिनिटं पुरेशी झाली की नाही, हे हिच्यावरून ठरवू नका.

उद्धृत करणारे ६० पेपर उघडून मी फक्त ते ते वाक्य वाचलं. जेवायला उठलो नाही. (व्यायामावरचे ६० पेपर, आणि खुर्चीतून एकदाही न हलता!) ४१ ठिकाणी पद्धतीच्या भागात एक ओळ, पुढे काही नाही. ५ ठिकाणी खरी चर्चा. उरलेल्या १४ जणांनी नेमकं तेच केलं होतं जे करू नका म्हटलंय : आठवड्याला किमान १५० मिनिटांचा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष लावून इतके टक्के पास, इतके नापास. त्या चौदाही सायटेशनची किंमत हिशेबात इतरांएवढीच.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “शेवटून दुसरा परिच्छेद कोण वाचतो हो?”

मग त्यांनी यादीत बराच खालचा एक पेपर दाखवला. ३८ सायटेशन. फोनवर आठवण करून देणारे संदेश पाठवले तर लोक जास्त चालतात का? पहिले काही आठवडे चालले, सहा महिन्यांनी पुन्हा जैसे थे. फसलेला प्रयोग, तो छापायला दोन वर्षं गेली म्हणे. त्याची ३८ च्या ३८ सायटेशन वाचून काढली. सात गटांनी या पेपरचा हवाला देऊन आपल्या अभ्यासाची मुदत वाढवली होती. मला विचाराल तर त्या फाइलमधली सगळ्यात भक्कम गोष्ट हीच.

चारला हे सगळं लिहिलेली दोन पानं घेऊन गेलो. समितीतले एक सर चष्मा वर करून म्हणाले, “हे छान आहे. पण आकडा वाढला की कमी झाला?” इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणसाचं काम जोखू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरचा २०१२ चा डोरा जाहीरनामा सांगतो. त्याला मान देऊन आमच्या फॉर्ममधला तो रकाना काढला गेला होता. त्याच जागी हा एच-इंडेक्सचा आला.

मी लिहिलं : २९, गूगल स्कॉलर, हाताने तपासून, सोबत दोन पानं. रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिलं.

प्रमोशन झालं. पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन. सूर्य गेला होता खरा, पण आता प्रोफाइलमध्ये एन्झाइम अ‍ॅक्टिव्हिटीवरचा एक पेपर येऊन बसला होता.