घेणाऱ्याचे हात

वारीत चालायची सवय पायांना लवकर लागते. मला जड गेलं ते घेणं. वर्गणी देऊन पावती खिशात ठेवणारा नोकरदार माणूस मी. कुणी फुकट काही दिलं की आधी पाकीट चाचपतो. आळंदी ते पंढरपूर या सुमारे २५० किलोमीटरांच्या वाटेवर ती सवय चालत नाही.

दिंडीची भिशी भरली की तंबू, जेवण आणि सामानाला ट्रक मिळतो. बाकीचं वाटेवरची माणसं बघतात. जेजुरी सोडून वाल्ह्याकडे निघालो, तर एका वस्तीपाशी एक बाई परातीत भाकऱ्या आणि पातेल्यात पिठलं घेऊन उभ्या. मागे पत्र्याचं घर, दारात शेळी. मी पैसे पुढे केले. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. "खा माऊली, लांब जायचंय," म्हणाल्या आणि उलट माझ्याच पायांना हात लावला. मीही वाकलो. वारीत ही रीतच आहे, पण तो घास माझ्या घशाखाली लवकर उतरेना. माझ्या पायांत वंदन करण्यासारखं काय होतं? ते पंढरीला निघाले होते, एवढंच.

समाज आरतीबद्दल सांगायलाच हवं. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा नुसता गजर चाललेला असतो. चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती तेवढी वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचं पुकारतात आणि मगच आरती होते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली, ती आजही पाळली जाते. नोकरीत मी कितीतरी बैठकांना बसलोय. एका कोपऱ्यातल्या दिंडीसाठी एवढा समाज शांत उभा राहतो, हे मी तिथेच पाहिलं.

आमच्या दिंडीत मराठवाड्यातल्या एक आजी होत्या. टाचांना भेगा, डोक्यावर तुळस. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी त्या तयार. पंढरपुरात त्यांनी चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले आणि गावाकडच्या एसटीची चौकशी सुरू केली.

"आजी, आत नाही जायचं?"

"कळस दिसला की बाबा. तिकडं पेरणी खोळंबलीय."

मी दर्शनबारीत राहिलो. पांडुरंगाकडे मागायचं म्हणून घरून बरंच काही ठरवून आणलं होतं. पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा आजींच्या रानात वेळेवर पाऊस पडू दे, एवढंच मागून झालं. मागच्या माणसाला जागा द्यायची होती, म्हणून पुढे सरकलो.